मेंदूतून परतणारे रक्त

प्रौढ माणसाच्या मेंदूत दर मिनिटाला साधारण ७५० मिलिलिटर रक्त येते. शरीराच्या वजनात ज्या अवयवाचा वाटा जेमतेम दोन टक्के, त्याला विश्रांतीच्या वेळीही हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा जवळपास सातवा हिस्सा लागतो. जेवढे रक्त आत येते तेवढे बाहेरही पडावे लागते, कारण कवटी हाडाची आहे आणि ती फुगत नाही. तिच्या आत मेंदू, रक्त आणि मेंदूभोवतीचे पाणी, म्हणजे मेंदूजल, एवढेच असते. यांपैकी एकाचे आकारमान वाढले की दुसऱ्याला जागा सोडावी लागते. एडिंबरोचे अलेक्झांडर मन्रो दुसरे यांनी १७८३ मध्ये आणि त्यांचे शिष्य जॉर्ज केली यांनी १८२४ मध्ये या विचाराचा पाया घातला. मेंदूजलाचा हिशेब त्यात नंतर धरला गेला. मेंदूच्या रक्ताभिसरणाचा अभ्यास आजही याच नियमापासून सुरू होतो.

रक्त आत आणणाऱ्या धमन्यांना वैद्यकाने पहिल्यापासून मान दिला. पक्षाघात म्हटले की डॉक्टरांना आणि नातेवाइकांना धमनीच आठवते. रक्त परत नेणाऱ्या नीला मात्र पाठ्यपुस्तकात शेवटच्या पानांवर येतात आणि परीक्षेनंतर विसरल्या जातात. हा क्रम अन्यायाचा आहे. रक्त बाहेर पडण्याची वाट अडली तर येणाऱ्या रक्तालाही आत वाव उरत नाही, आणि तो आजार बहुधा तरुण माणसांना गाठतो.

हातापायांतल्या खोल नीला धमनीच्या जोडीने जातात आणि तिचेच नाव लावतात. मेंदूत तसे नाही. इथल्या नीलांच्या वाटा वेगळ्या, नावे वेगळी आणि घडणही वेगळी. त्यांची भिंत अतिशय पातळ असते, तिच्यात स्नायूचा थर जवळजवळ नसतो, आणि त्यांना झडपा नसतात. पायातल्या नीलेत झडपांमुळे रक्त एकाच दिशेने जाते. इथे दाब जिकडे कमी तिकडे ते वळते. या एका गोष्टीचे दोन परिणाम होतात. एक वाट बंद झाली तर रक्त शेजारच्या वाटेने निघून जाते आणि बहुतेक वेळा मेंदू तगतो. पण त्याच मोकळ्या जोडणीतून बाहेरचा जंतूही आत पोचू शकतो. या व्यवस्थेतले जवळजवळ सगळे आजार आणि जवळजवळ सगळे बचाव याच गुणातून निघतात.

ही व्यवस्था दोन टप्प्यांची आहे. मेंदूच्या पृष्ठभागावरून आणि गाभ्यातून नीला रक्त गोळा करतात आणि सायनसांमध्ये ओततात. सायनस ते मानेतल्या ज्युग्युलर नीलेपर्यंत पोचवतात. सर्दीत चोंदणाऱ्या, नाकाभोवतीच्या हवेच्या पोकळ्यांनाही सायनस म्हणतात. त्यांचा या सायनसांशी संबंध नाही. मेंदूवरच्या जाड आवरणाला ड्युरा मेटर म्हणतात. त्याचे दोन पदर असतात, एक हाडाला चिकटलेला आणि दुसरा मेंदूच्या बाजूचा. बहुतेक ठिकाणी ते एकजीव झालेले असतात. जिथे ते एकमेकांपासून सुटतात तिथे मधल्या फटीत रक्ताचा मार्ग तयार होतो, तो सायनस. त्याच्या भिंती ड्युराच्या ताणलेल्या पदरांच्या असल्यामुळे तो आकुंचन पावत नाही आणि रिकामा झाला तरी मिटत नाही. हे न मिटणे शस्त्रक्रियेच्या टेबलावर फार महत्त्वाचे ठरते.

यांत सर्वांत लांब वरचा सॅजिटल सायनस. तो नाकाच्या मुळामागे, कवटीच्या तळाशी सुरू होतो आणि मध्यरेषेतून, जिथे भांग पाडतात त्या रेषेखालून, डोक्याच्या मागच्या उंचवट्यापर्यंत जातो. पुढे तो अरुंद असतो, मागे जाताना रुंदावतो. आडवा छेद घेतला तर त्रिकोण दिसतो: पाया कवटीकडे, टोक खाली, दोन मेंदूगोलार्धांमधल्या उभ्या पडद्यात शिरलेले. सायनस कापून उघडला की आतून आडवे जाणारे तंतूंचे दोर दिसतात आणि बाजूच्या कप्प्यांत, खसखशीच्या दाण्यांसारखे, पांढुरके उंचवटे दिसतात. इटालियन शरीरशास्त्रज्ञ अंतोनिओ पाकियोनी यांनी १७०५ मध्ये त्यांचे वर्णन केले. त्यांना त्या ग्रंथी वाटल्या. प्रत्यक्षात ती मेंदूच्या मधल्या आवरणाची, अ‍ॅरॅक्नॉइडची, सायनसमध्ये घुसलेली टोके आहेत. मेंदूजल दिवसाला सुमारे ५०० मिलिलिटर तयार होते, पण कोणत्याही क्षणी डोक्यात आणि कण्यात मिळून ते १५० मिलिलिटरच्या आसपासच असते. म्हणजे दिवसातून तीन-चार वेळा ते बदलले जाते. मेंदूजलाचा दाब सायनसमधल्या दाबापेक्षा थोडा अधिक असल्याने ते या टोकांतून रक्तात उतरते, असे शंभर वर्षे शिकवले गेले. ते खरे आहे, पण पुरे नाही. नाकाच्या छताजवळून आणि मज्जातंतूंच्या आवरणांमधूनही ते निघते, आणि २०१५ मध्ये दोन स्वतंत्र संशोधकगटांनी उंदरांच्या ड्युरामध्ये, सायनसांच्या कडेकडेने जाणाऱ्या लसिकावाहिन्या दाखवल्या. त्याआधी मेंदूच्या परिसरात अशा वाहिन्या नाहीत असे बहुतेक ग्रंथ सांगत होते.

तान्ह्या बाळाची टाळू नेमकी याच सायनसवर असते. तेल घालून टाळू भरणाऱ्या बाईच्या बोटांखाली त्वचा, एक पातळ पडदा आणि त्याखाली रक्ताने भरलेला हा मार्ग असतो. बाळाच्या हातापायाची शीर सापडेना तेव्हा डॉक्टर एके काळी इथूनच रक्त काढत. धोका ध्यानात आल्यावर ती पद्धत मागे पडली. जुलाब-उलट्यांनी अंगातले पाणी गेले की टाळू खोल जाते, हे घरातल्या बायकांनाही ठाऊक असते. त्याच अवस्थेत रक्त दाट होते आणि क्वचित सायनसमध्ये गुठळी धरते. म्हणून टाळू खोल दिसली की बाळाला पाणी आणि क्षार देण्यात एक तासही दवडू नये.

उभ्या पडद्याच्या खालच्या कडेने खालचा सॅजिटल सायनस जातो. तो लहान आहे. मेंदूच्या गाभ्यातून येणारी गेलनची मोठी नीला त्याला मिळते आणि दोहोंचा सरळ सायनस बनतो. मोठा मेंदू आणि लहान मेंदू यांच्यामधल्या आडव्या पडद्यावर उभा पडदा जिथे टेकतो, त्या सांध्यातून तो मागे जातो. डोक्याच्या मागच्या हाडाच्या आतल्या बाजूस वरचा सॅजिटल, सरळ आणि छोटा ऑक्सिपिटल सायनस एकत्र येतात आणि तिथून दोन आडवे सायनस डावी-उजवीकडे फुटतात. या संगमाला अलेक्झांड्रियाच्या हिरोफिलसचे नाव आहे. इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास मानवी शवे उघडून पाहणारा हा वैद्य.

चित्रात हा संगम नीटनेटका चौरस्ता दाखवतात. प्रत्यक्षात तो बहुतेकांत वाकडा असतो. वरच्या सॅजिटल सायनसचे रक्त बहुधा उजवीकडे वळते आणि सरळ सायनसचे डावीकडे. त्यामुळे उजवा आडवा सायनस आणि उजवी ज्युग्युलर नीला बहुधा मोठी असते, तर डावा आडवा सायनस पुष्कळांत बारीक, काहींत जवळजवळ नसतोच. नीलांचे चित्र काढणाऱ्या एमआर व्हेनोग्राफीत तो दिसला नाही म्हणून गुठळी ठरवून टाकण्याचा मोह होतो. जन्मतःच बारीक असलेल्या सायनसची हाडावरची खाच आणि मानेकडे जाण्याचे छिद्रही लहान असते. अनुभवी रेडिओलॉजिस्ट आधी ते पाहतो.

आडवा सायनस कानामागे पोचला की खाली वळतो, एसच्या आकाराचे वळण घेतो आणि सिग्मॉइड सायनस म्हणून ज्युग्युलर छिद्रातून मानेत उतरतो. इथे त्याच्या आणि कानामागच्या मास्टॉइड हाडातल्या हवेच्या कप्प्यांमध्ये हाडाचा पातळ पापुद्रा तेवढा असतो. कान वर्षानुवर्षे वाहत राहिला, आतल्या हाडाला कीड लागली, की पू या पापुद्र्यातून सायनसपर्यंत जातो. मग थंडी वाजून चढणारा आणि घाम फुटून उतरणारा ताप येतो, तो हिवतापासारखा वाटतो आणि उपचार भलतेच होतात. प्रतिजैविके येण्यापूर्वी या रोगातून बरेच रोगी वाचत नसत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शल्यचिकित्सक मानेतली ज्युग्युलर नीला बांधून आणि मास्टॉइड फोडून सायनसमधली सडलेली गुठळी काढू लागले. आजही 'कान फुटलाय, होईल बरा' म्हणून अंगावर काढणाऱ्या घरांतून असे रोगी येतात.

आता नीलांकडे. मेंदूच्या वरच्या पृष्ठभागावरून प्रत्येक बाजूला आठ ते बारा नीला वर चढतात आणि सॅजिटल सायनसमध्ये शिरतात. मागच्या भागात त्या तिरक्या, सायनसमधल्या प्रवाहाच्या उलट दिशेने शिरतात. गर्भावस्थेत मोठा मेंदू मागे वाढत गेला आणि नीलांची टोके मागे ओढली गेली, हे त्याचे कारण मानतात. मेंदू सोडून सायनसला मिळेपर्यंत त्या थोडे अंतर आधाराविना पार करतात. वय वाढले की मेंदू आक्रसतो, हे अंतर वाढते आणि नीला ताणल्या जातात. म्हातारपणी न्हाणीघरात पाय घसरणे, बसला दचका बसून डोके पुढच्या आसनावर आपटणे, एवढेही त्यांपैकी एखादी तुटायला पुरते. रक्त ड्युराखाली हळूहळू साचते. दोन-चार आठवड्यांनी आजोबा सुस्तावतात, बोलताना अडखळतात, एक पाय ओढू लागतात. घरचे त्याला वय समजतात आणि पडल्याची घटना कोणाच्या लक्षातही नसते. कवटीला एक-दोन छिद्रे पाडून ते काळपट पातळ रक्त काढले की तोच माणूस बहुधा पुन्हा चालू-बोलू लागतो. मज्जासंस्थेच्या शस्त्रक्रियेत इतक्या थोड्या कष्टात इतके मोठे फळ क्वचित मिळते.

मेंदूच्या बाहेरच्या बाजूला मधली वरवरची नीला असते. तिला वर सॅजिटल सायनसशी जोडणाऱ्या नीलेला त्रोलार यांचे आणि खाली आडव्या सायनसशी जोडणाऱ्या नीलेला लाबे यांचे नाव आहे. दोघेही एकोणिसाव्या शतकातले फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ. यांपैकी एक मोठी असली तर दुसरी लहान असते. कोणत्या रोग्यात कोणती मोठी, हे शस्त्रक्रियेआधी पाहून ठेवावे लागते. डाव्या बाजूला टेम्पोरल लोब उचलताना लाबेची नीला तुटली, तर रोगी शुद्धीवर येतो पण शब्द हरवलेले असतात. सॅजिटल सायनसचा पुढचा तिसरा हिस्सा बांधला तरी बहुधा चालते. मधल्या आणि मागच्या भागाला मात्र हात लावायचा नाही, हा शल्यचिकित्सकांचा जुना दंडक आहे.

गाभ्यातल्या नीला आतल्या पोकळ्यांच्या भिंतींवरून येतात. दोन्ही बाजूंच्या अंतर्गत नीला आणि मेंदूच्या बुडाभोवती वळसा घालून येणाऱ्या रोझेंथालच्या नीला मिळून गेलनची नीला होते. ती जेमतेम दोन सेंटिमीटर लांब, पण थॅलॅमसचे आणि खोलवरच्या इतर भागांचे रक्त तिच्यातूनच जाते. ती बंद पडली तर दोन्ही थॅलॅमस सुजतात आणि माणूस झोपाळू, गोंधळलेला होत शुद्ध हरपतो. काही नवजात बाळांत धमन्या जन्मतःच थेट या नीलेच्या गर्भावस्थेतल्या पूर्वरूपात उघडतात. तेव्हा आजार मेंदूचा, पण थकते ते हृदय, आणि बाळाला आधी हृदयरोगतज्ज्ञाकडे नेले जाते.

कॅव्हर्नस सायनसाइतकी दाटीची जागा शरीरात दुसरी नसावी. डोळ्यांच्या मागे, पिट्युटरी ग्रंथीच्या दोन्ही अंगांना एकेक असा हा सायनस असतो. त्याला हे नाव पॅरिसमध्ये काम करणाऱ्या जेकब विन्स्लो यांनी १७३२ मध्ये दिले. मेंदूला रक्त नेणारी कॅरॉटिड धमनी या सायनसच्या आतून जाते. एक धमनी नीलेच्या रक्तातून जाते, असे शरीरात अन्यत्र आढळत नाही. तिच्या कडेने मेंदूतून निघणारा सहावा मज्जातंतू जातो. तिसरा, चौथा आणि पाचव्याच्या दोन शाखा बाहेरच्या भिंतीतून जातात. अपघाताच्या धक्क्याने आतली धमनी फाटली तर तिचे जोरदार रक्त सायनसमध्ये शिरते, तिथून डोळ्याच्या नीलांत उलटे वाहते आणि डोळा बाहेर येऊन नाडीच्या ठोक्यासरशी हलतो. रोग्याला डोक्यात सतत घुरघुर ऐकू येते. पापणीवर स्टेथोस्कोप ठेवला तर ती डॉक्टरालाही ऐकू येते.

या सायनसमध्ये डोळ्यातून आणि चेहऱ्यावरून येणारे रक्तही पोचते. ओठांच्या कोपऱ्यांपासून नाकाच्या मुळापर्यंतच्या भागातली पुटकुळी फोडू नये, असे म्हणतात ते यासाठी. चेहऱ्याच्या नीलांना झडपा नसतात म्हणून जंतू मागे जातात, असे कारण अनेक पिढ्यांना शिकवले गेले. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या शवविच्छेदनाच्या अभ्यासात चेहऱ्याच्या आणि डोळ्याच्या नीलांत झडपा सापडल्या. धोका उरतोच, पण त्याचे कारण जोडणी हे आहे. संसर्ग पोचला की एक डोळा सुजतो, दुखतो, बाहेर येतो. सहावा मज्जातंतू आत उघडा असल्याने डोळा बाहेरच्या बाजूला वळवणे सर्वांत आधी अडते. दोन्ही सायनस पिट्युटरीच्या पुढून-मागून एकमेकांशी जोडलेले असल्याने एक-दोन दिवसांत दुसराही डोळा सुजतो.

२०२१ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्राने हा सायनस फार जवळून पाहिला. कोविडमधून उठलेल्या, मधुमेह असलेल्या, स्टेरॉइड घेतलेल्या हजारो रोग्यांना म्युकरमायकोसिस झाला. ही बुरशी रक्तवाहिन्यांच्या भिंतीतच वाढते. नाकातून डोळ्याच्या खोबणीत आणि तिथून कॅव्हर्नस सायनसमध्ये ती उतरली की वाचण्याची शक्यता झपाट्याने घटे. तिथपर्यंत ती जाऊ नये म्हणून जबडे कापले गेले, डोळे काढले गेले. त्या निर्णयांमागे हा शरीरशास्त्राचा नकाशा होता.

कॅव्हर्नस सायनसमधले रक्त दोन पेट्रोसल सायनसांतून मागे जाऊन मुख्य प्रवाहाला मिळते. याखेरीज कवटीच्या हाडांतली छिद्रे ओलांडून आतल्या सायनसांना बाहेरच्या नीलांशी जोडणाऱ्या छोट्या वाहिन्या असतात. डोक्याच्या त्वचेखालच्या सैल थरातला पू त्यांच्यातून आत जाऊ शकतो. कवटीच्या बुडाशी सायनस कण्याभोवतीच्या नीलांच्या जाळ्याशी जोडलेले असतात. ऑस्कर बॅटसन यांनी १९४० मध्ये या जाळ्यावर लिहिले आणि प्रोस्टेटचा कर्करोग फुप्फुसे टाळून मणक्यांत कसा पोचतो याचा उलगडा केला. मेंदूच्या दृष्टीने या जाळ्याचे काम आणखी रोजचे आहे. माणूस आडवा असताना मेंदूचे रक्त मुख्यतः ज्युग्युलर नीलांतून उतरते. तो उभा राहिला की मानेतल्या या मऊ नीला बाहेरच्या दाबाने मिटतात आणि रक्ताचा मोठा भाग कण्याभोवतीच्या जाळ्यातून वाहू लागतो. अंथरुणातून उठण्याएवढ्या वेळात मुख्य रस्ता बदलतो आणि माणसाला त्याची जाणीवही होत नाही.

उभ्या किंवा बसलेल्या स्थितीत वरच्या सॅजिटल सायनसमधला दाब वातावरणाच्या दाबापेक्षाही कमी होतो. रोग्याला बसवून लहान मेंदूची शस्त्रक्रिया करताना सायनसला छेद गेला, तर रक्त बाहेर येण्याऐवजी हवा आत ओढली जाते, कारण सायनस मिटत नाही. हवा हृदयाच्या उजव्या कप्प्यात साचते. भूलतज्ज्ञाला श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडचा आकडा एकदम घसरलेला दिसतो, छातीवरच्या डॉप्लरचा आवाज बदलतो. मग जखमेवर सलाइन ओतायचे, मानेच्या नीला दाबायच्या, डोके खाली करायचे. हे सगळे मिनिटाच्या आत व्हावे लागते.

सायनसमधल्या गुठळीचे पहिले तपशीलवार वर्णन फ्रान्समध्ये रीब यांनी १८२५ मध्ये केले. पुढे शंभरावर वर्षे हा आजार शवविच्छेदनातच सापडत राहिला, म्हणून तो दुर्मीळ आणि हमखास जीवघेणा मानला गेला. कलबाग आणि वूल्फ यांनी १९६७ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला तेव्हा निदानासाठी कॅरॉटिडमध्ये औषध टोचून एक्स-रे काढणे हाच मार्ग होता. सीटी स्कॅन आणि त्यानंतर एमआर व्हेनोग्राफी आल्यावर न मरणारे रोगीही दिसू लागले. सीटीत रंगद्रव्य दिल्यावर सॅजिटल सायनसच्या त्रिकोणाच्या कडा उजळतात आणि मध्य काळा राहतो, तो रिकामा डेल्टा.

नीला अडली की मेंदूत काय होते, हे धमनीच्या आजाराहून वेगळे आहे. धमनी बंद झाली तर पेशी मिनिटांत मरू लागतात. नीला बंद झाली तर आधी रक्त तुंबते, पाणी झिरपते, सूज येते, मग बारीक वाहिन्या फुटून रक्तस्राव होतो. पेशी पुष्कळ काळ जिवंत असतात. म्हणून स्कॅन भयंकर दिसूनही रोगी पूर्ण बरा होऊ शकतो. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अनेक देशांतल्या ६२४ रोग्यांच्या अभ्यासात मृत्यू किंवा कायमचे परावलंबित्व सुमारे १३ टक्क्यांत आढळले. त्यात तीन चतुर्थांश स्त्रिया होत्या. हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटने २०१२ मध्ये ४२८ रोग्यांची नोंद छापली, त्यात पुरुष निम्म्याहून थोडे अधिक निघाले.

तरीही भारतात हा आजार ओल्या बाळंतिणीचा म्हणून ओळखला गेला, आणि बंगळूरच्या निम्हान्सने त्यावर दीर्घकाळ काम केले. बाळंतपणात रक्त गोठण्याकडे झुकलेलेच असते. ती रक्तस्रावापासून वाचवणारी योजना आहे. त्यात रक्तक्षय, ताप आणि अंगातले पाणी कमी होणे यांची भर पडली की गुठळी धरते. पोट सुटेल म्हणून बाळंतिणीला पाणी मोजून देण्याची चाल अनेक घरांत आहे. ती पूर्णपणे सोडली पाहिजे. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत डोके असह्य दुखू लागले, उलट्या झाल्या, झटका आला, एक हात लुळा पडला, तर ती बाहेरची बाधा नव्हे. स्कॅन त्याच दिवशी व्हायला हवा.

उपचार रक्त पातळ करण्याचा. मेंदूत रक्तस्राव दिसत असताना हेपॅरिन द्यायचे, हे धाडस डॉक्टरांना फार काळ झाले नाही. १९९१ मध्ये जर्मनीतल्या आइनहॉइप्ल आणि सहकाऱ्यांनी २० रोग्यांवर चाचणी केली. हेपॅरिन मिळालेल्या दहांत कोणी दगावले नाही, न मिळालेल्या दहांपैकी तीन दगावले, आणि चाचणी लवकर थांबवली गेली. रक्तस्राव तुंबल्यामुळे झालेला असतो, त्यामुळे तुंबलेले मोकळे करणे हाच त्यावर उपाय ठरतो. सूज फारच वाढली तर कवटीचा तुकडा काढून मेंदूला जागा देतात. एक अपवाद २०२१ मध्ये कळला: कोविडच्या अ‍ॅडेनोव्हायरसवर आधारित लशींनंतर फार थोड्या लोकांत प्लेटलेट कमी होऊन सायनसमध्ये गुठळ्या झाल्या, तिथे हेपॅरिन टाळून दुसरी औषधे वापरली गेली.

नंतर गोळ्या तीन महिन्यांपासून वर्षभर चालतात. रक्तात गोठण्याचा जन्मजात दोष सापडला तर त्याहून अधिक काळ. बंद झालेला सायनस पुष्कळदा अंशतः तरी उघडतो, आणि नाही उघडला तरी शेजारच्या नीला रुंदावून काम चालवतात. हा आजार होऊन गेलेल्या स्त्रीने इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या घेऊ नयेत. पुढचे मूल तिला होऊ शकते. त्या गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर निदान सहा आठवडे हेपॅरिनची इंजेक्शने द्यावी लागतात, आणि ती पोटावर स्वतःच टोचून घ्यायला तिला शिकवता येते.